सहा, बाण खाली

अकरावीतला माझा फिजिक्सचा पहिला पेपर परत आला, तेव्हा त्यावरच्या मार्कांपेक्षा एक वाक्यच मोठं दिसत होतं. लाल शाईतलं, समासातून सुरू होऊन पार माझ्या उत्तराच्या अंगावर आलेलं: 'फातर वयर पावच्या आदींच सकयल आयलो?' म्हणजे, दगड वर पोचायच्या आधीच खाली आला का? आम्ही गोव्यात डिचोलीला, आमच्या टीचर पेडण्याच्या. रोज सकाळी पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली अशा दोन बस बदलून यायच्या. शिकवायच्या इंग्रजीत, पण राग आला की पेडण्याच्या कोंकणी बोलीवर यायच्या. त्यामुळे पेपरावर ती बोली दिसली की आज आपलं काही खरं नाही, हे सगळ्या वर्गाला कळायचं.

गणित साधं होतं. जमिनीवरून एक दगड सरळ वर फेकलाय, सेकंदाला दहा मीटर वेगानं. तीन पूर्णांक दोन दशांश मीटरवर एक खिडकी आहे. वर जाऊन परत येताना तो दगड खिडकीसमोरून जातो, तेव्हा त्याचा वेग किती आणि फेकल्यापासून वेळ किती झाला? वरची दिशा अधिक धरा, गुरुत्वाचा आकडा दहा धरा.

मी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम लावला. फेकताना जेवढी ऊर्जा होती तेवढीच खिडकीपाशी असणार. त्यातली थोडी उंची गाठण्यात गेली, उरली ती वेगात. आकडे घातले, वेगाचा वर्ग आला छत्तीस. छत्तीसचं वर्गमूळ सहा. ते सहा पुढच्या समीकरणात घातलं, वेळ आली शून्य पूर्णांक चार सेकंद. खाली दोन रेघा मारल्या आणि ऐटीत पुढच्या प्रश्नाला गेले.

आता दहाच्या वेगानं फेकलेला दगड नुसता वर पोचायलाच एक सेकंद घेतो. माझा दगड त्याच्या आधीच परतीच्या वाटेवर खिडकीपाशी हजर होता.

पण हे मला कुठं पटायला? टीचरांनी माझ्या सहापुढं लाल शाईत उणे चिन्ह काढलं होतं, तो पेपर घेऊन मी तरातरा स्टाफरूममध्ये गेले. छत्तीसचं वर्गमूळ डिचोलीत सहा आणि पेडण्यात उणे सहा असतं का, असं तोंडावर आलं होतं, ते कसंबसं गिळलं. टीचरांनी चष्मा काढून पुसला.

"ऊर्जेक 'कितलें' विचार, ती सांगता," त्या म्हणाल्या. "'खंय' विचार, ती ओगी रावता. वेगाचो वर्ग केलो मगे, दिशा गेली. ती तुवें परत हाडपाची. उणें सय कित्याक, तें म्हाका सांग." म्हणजे ऊर्जा 'किती' ते सांगते, 'कुठं' विचारलं की गप्प राहते; वर्ग केला की दिशा जाते, ती आपण परत आणायची, आणि इथं उणे सहा का, ते मी सांगायचं.

"खाली येताना उणे घ्यायचं असतं म्हणून," मी म्हणाले.

"असतं म्हणून," त्यांनी माझंच वाक्य मला ऐकवलं आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढला. विज्ञान सोडून कॉमर्सला जायचा अर्ज होता तो. माझं नाव आधीच भरलेलं. दुसऱ्या विषयांतही माझी गत फार वेगळी नव्हती आणि शाखा बदलायची मुदत पुढच्या सोमवारी संपत होती. त्या दिवशी मी फळ्यावर येऊन असलंच एक गणित नीट समजावून सांगितलं, तर त्या अर्ज ठेवून देणार होत्या. नाहीतर तो घरून सही करून आणायचा.

घरून म्हणजे आबांची. आबा माझे वडील, गडहिंग्लज भागातले गवंडी. मी दोन वर्षांची असताना डिचोलीत कामाला आले आणि इथलेच झाले. चौथीपर्यंत शिकलेले. बांधकामावर इंजिनियर गाडीतून उतरून नकाशा पसरायचे, तेव्हा आबा तो कागद चारी बाजूंनी दगड ठेवून इतक्या जपून वाचायचे, की लहानपणी मला तो देवाधर्माचा काही प्रकार वाटायचा. त्यांनी भिंत बांधायची आणि मी इंजिनियर होऊन तो कागद काढायचा, हे आमच्यात कधी ठरलं ते आठवत नाही, पण ठरलेलं होतं. सगळ्या गवंड्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं. कॉमर्सला गेले असते तर तो कागद कुणीतरी दुसऱ्यानंच काढला असता. अर्ज मी दप्तरात तळाला ठेवला आणि घरी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसांत आबांचं काम नार्व्याला चाललं होतं, नदीकडच्या एका शेतकरी घराचं. जुनं पाडून नवं दोन मजली. बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी तिथं गेले, तर आबांनी माझ्या हातात पुठ्ठा आणि पेन्सिल दिली. स्वयंपाकघराच्या भिंतींवर गिलावा चढणार होता. गिलावा बसला की भिंतीवरचे आकडे बुजतात, म्हणून ते आधी उतरवून घ्यायचे होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून हे काम मला.

ते आकडे कसे असतात, हे सांगायला हवं. गवंडी आधी पाण्याच्या नळीनं पातळी घेतात आणि निळीत बुडवलेली दोरी ताणून खोलीभर एक आडवी निळी रेघ मारतात, होणाऱ्या फरशीपासून बरोबर एक मीटरवर. मग सगळी मापं त्या रेघेपासून. दिव्याचं बटण रेघेच्या वर इतकं, नळ रेघेच्या खाली इतका. आबा नुसता आकडा लिहायचे आणि शेजारी एक बाण काढायचे, वर किंवा खाली तोंड केलेला. आधी बाण, मग आकडा, कधीच उलटं नाही.

मी आकडे उतरवले. बाण सोडून दिले.

मुद्दाम सोडले, हे कबूल करायला आजही कान तापतात. मला वाटलं, हे बाण म्हणजे चौथी शिकलेल्या माणसांची सोय. शिकलेल्या माणसाला आकडा पुरतो. पुठ्ठ्यावर मी सुंदर तक्ता केला, डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला इंच. 'ओटा: ६.' आबांना वेळ नव्हता, त्यांनी पुठ्ठा न बघताच माझ्या चुलत्याकडे दिला. तोही गवंडीच, आबांचा धाकटा चुलतभाऊ.

रविवारी सकाळी भाकरीचं फडकं घेऊन मी पुन्हा नार्व्याला गेले. बसमधून उतरून देवळाच्या वाटेनं चालताना डोक्यात उद्याचा फळाच होता. घराच्या दारात पोचले, तर आतून घरमालकीणबाईंचा आवाज येत होता.

"मिस्त्री, हांव आतां कदेलार उबी रावन रांदूं?"

आत गेले. नव्या ओट्यासमोर बाई उभ्या होत्या आणि ओटा त्यांच्या छातीला लागत होता. चुलत्यानं आदल्या संध्याकाळी विटांचे खांब उभे करून वर काळा कडप्पा बसवला होता, गिलाव्यावर नव्यानं मारलेल्या निळ्या रेघेच्या बरोबर सहा इंच वर. कोपरे काटकोनात, पातळी अशी की पाणी ओतलं तर हलू नये. इतकं देखणं काम आणि त्यावर स्वयंपाक करायला खुर्चीवर उभं राहायला लागणार होतं.

चुलत्यानं पुठ्ठा पुढं केला. "ह्यात सा हाय, मी सा घेतलं. येवडा उंच कसा, मलाबी वाटलं. म्हटलं हिकडची पद्धत असंल."

आबांनी पुठ्ठा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"आकडा कुनीबी लिवंल," ते एवढंच म्हणाले. "बाण कोन काढनार?"

मी पाणी पाणी झाले. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, मला तो लाल शाईतला दगड आठवला. सहा! इथंही सहा, तिथंही सहा. दोन्हीकडं आकडा बरोबर, दोन्हीकडं मी अर्धीच गोष्ट लिहून मोकळी झालेली. इतके दिवस मला वाटत होतं, की टीचर एका बारक्या चिन्हासाठी माझ्या जिवावर उठल्यात. ते बारकं चिन्ह आता माझ्यासमोर छातीइतकं उंच उभं होतं आणि एक बाई त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावत होती.

बाईंना आबांनी हात जोडून सांगितलं, की सिमेंट अजून ओलं आहे, उद्या दुपारपर्यंत ओटा खाली घेतो. त्या मागच्या दारी निघून गेल्या. मी बाहेर वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात काहीतरी जोरात फिरायला लागलं होतं. रडावं की विचार करावा, हे ठरत नव्हतं.

समोर विटा चढवायचं काम सुरू झालं. वरच्या मजल्यावर न्हाणीची भिंत घालायची होती. चुलता खालून वीट फेकायचा, आबा वर स्लॅबच्या कडेला बसून झेलायचे. हे मी लहानपणापासून हजार वेळा बघितलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा वीट बघितली.

वीट वर जाताना खालच्या मजल्याच्या खिडकीसमोरून सटकन जात होती. वर जाता जाता मंद होत होती. आबांच्या हातापाशी पोचेपर्यंत ती जणू थकायची, आणि आबा ती झेलत नव्हतेच, नुसती उचलून घेत होते. मग एक फेक थोडी बाहेर गेली. आबांचा हात पोचला नाही, वीट वर जाऊन वळली आणि पुन्हा त्याच खिडकीसमोरून खाली आली. तोच सटका. तीच खिडकी. तोच वेग!

मी उठून उभीच राहिले.

"आबा, खिडकीपाशी वीट वर जाताना धरली काय आणि खाली येताना धरली काय, दणका सारखाच लागतो का?"

आबांनी वरून वाकून बघितलं. पोरगी रडून आता काय नवीन काढतेय, असा चेहरा. पण प्रश्न कामाचा होता आणि कामाच्या प्रश्नाला ते कधी टाळायचे नाहीत.

"जोर तेवढाच," ते म्हणाले. "फकस्त तोंड हिकडं का तिकडं. वर जानारी धरली तर हात तिच्यासंगं वर न्यायचा. खाली येनारी धरली तर हात खाली न्यायचा. उलटं केलंस तर मनगट गेलं. वीट यायच्या आदी हाताला सांगून ठेवायला लागतंय."

"आणि तुम्ही धरता ती?"

"ती थांबती तवा धरायची. तिथं ना वर, ना खाली."

मला आता सांगता येणार नाही, की माझं काय झालं. मी वाळूत एक उडी मारली, हे खरं. शेजारच्या बागेत सुपाऱ्या वेचणाऱ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. जोर तेवढाच! समीकरण हेच तर सांगत होतं. छत्तीस म्हणजे जोर. त्या छत्तीसमध्ये वर जाणारी वीटही होती आणि खाली येणारी वीटही होती, दोन्ही, एकाच खिडकीसमोर. समीकरण चुकीचं नव्हतं आणि अडलेलंही नव्हतं. ते दोन्ही विटा माझ्यापुढं ठेवून थांबलं होतं, आणि त्यातली माझी कुठली ते मी सांगायचं होतं. कॅल्क्युलेटर नेहमी वर जाणारी देतो, आणि मी तीच न बघता उचलत होते. हाताला आधी सांगून ठेवायचं. आधी बाण, मग आकडा. आबांनी आयुष्यभर भिंतींवर हेच लिहिलं होतं आणि मी त्याला अडाण्यांची सोय समजले होते.

मी धावत आत गेले आणि गिलावा न झालेल्या जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं गणित मांडलं. खिडकी काढली. खिडकीसमोर दोन बाण काढले, एक वर, एक खाली. वरच्या बाणापाशी अधिक सहा, वेळ शून्य पूर्णांक चार. खालच्या बाणापाशी उणे सहा, वेळ एक पूर्णांक सहा. मधे एक सेकंद, वीट माथ्यावर. शून्य चार आणि एक सहा, एक सेकंदाच्या दोन्ही बाजूंना बरोबर सारख्या अंतरावर! कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप जुळलं होतं. मी ते तीनदा तपासलं, कारण इतकं छान काहीतरी माझ्या हातून होतंय, यावर माझा विश्वास नव्हता.

जेवायला बसल्यावर मी आबांना अर्जाचं सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"मग कागद कोन काढनार?" त्यांनी विचारलं.

"मीच काढणार," मी म्हणाले. "उद्या फळ्यावर जाऊन येते."

जेवून उठल्यावर ते जिन्याच्या भिंतीपुढं बराच वेळ उभे होते. समीकरण त्यांना कळलं नसणार. बाण कळले असणार.

सोमवारी पहिल्याच तासाला टीचरांनी मला बोलावलं. अर्ज त्यांच्या टेबलावर होता, मीच सकाळी नेऊन दिला होता, सहीची जागा तशीच कोरी. त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला. दगड, दहाचा वेग, तीन पूर्णांक दोनवर खिडकी. खिडकीपाशी वेग काढा.

मी खडू घेतला. खिडकी काढली, दोन बाण काढले, वेगाचा वर्ग छत्तीस लिहिला आणि थांबले. प्रश्न पुन्हा वाचला. परत एकदा वाचला. त्या प्रश्नात एक गोष्ट नव्हतीच.

"कितें जालें?" टीचर म्हणाल्या. "सोडय मगे."

"टीचर, वर जाताना की खाली येताना?"

"प्रस्नांत कितें बरयलां?"

"काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही अर्धाच प्रश्न दिलाय."

मागच्या बाकावरून कुणीतरी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. आठवडाभरापूर्वीची मी असते तर सहा लिहून मोकळी झाले असते, फार तर टीचरांच्या भीतीनं उणे सहा. आज मी फळ्याला पाठ लावून उभी होते आणि खडू टेकवायला मी तयार नव्हते.

"दोन्ही उत्तरं खरी आहेत," मी म्हणाले. "तुम्ही एक निवडून दिल्याशिवाय मी निवडणार नाही."

टीचरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "सकयल येतना," त्या म्हणाल्या.

मी खालच्या बाणाला गोल केला. उणे सहा, वेळ एक पूर्णांक सहा.

"आनी जनेल पांच मिटरांचेर आसा जाल्यार?"

खिडकी पाच मीटरवर धरून मी मनातच केलं. वेगाचा वर्ग शून्य. "मग बाण लागत नाही, टीचर. तिथं दगड थांबतो. तिथं त्याला ना वर, ना खाली." आणि मग राहवेना म्हणून पुढं म्हणाले, "तिथंच तो उचलून घ्यायचा असतो."

"आनी सय मिटरांचेर?"

छत्तीसच्या जागी उणे वीस आलं. उणे आकड्याचं वर्गमूळ! मला हसूच फुटलं. "तिथं तो पोचतच नाही. फेकणाऱ्याला सांगावं लागेल, अजून जोर लाव."

सगळा वर्ग हसला. टीचर हसल्या नाहीत, पण त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला.

"हो आतां म्हाका नाका," त्या म्हणाल्या. "वच, बस." मी अर्ज घेऊन जागेवर जाऊन बसले.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता नार्व्याची बस पकडली. पोचले तेव्हा ओटा मोडून झाला होता. विटांचे खांब नव्यानं, ठेंगणे उभे होते. कडप्पा जमिनीवर उभा करून ठेवला होता आणि चुलता आणि आबा त्याच्या दोन टोकांना उभे होते. घरमालकीणबाई दारात, हाताची घडी घालून. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी चार घड्यांचा अर्ज खिशातून काढून दाखवला. सहीची जागा अजून कोरीच होती.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून मला दिली.

मी भिंतीपाशी गेले. निळ्या रेघेपाशी आधी बाण काढला, खाली तोंड केलेला, चांगला ठसठशीत. मग त्याच्याशेजारी लिहिलं, सहा.

चुलत्यानं खिशातून टेप काढली आणि खांबांच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यायला वाकला. "थांब, एकदा बगून घेतो."

"कशाला?" आबा म्हणाले. "तिनं लिवलंय न्हवं. लाव."

आणि दोघांनी कडप्पा उचलला.